दोन दिवस गप्प बसलेला माणूस आणि चार टक्क्यांचा आकडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. साधारण सातशे माणसांची संस्था, माहिती सुरक्षेची जबाबदारी वर्षभरापूर्वी तुमच्याकडे आली. वार्षिक प्रशिक्षण ९८ टक्के लोकांनी पूर्ण केलंय. दर महिन्याला खोटे फिशिंग मेल (पासवर्ड किंवा पैसे काढून घेण्यासाठी येतात तसे फसवे मेल) पाठवून तुम्ही जी चाचणी घेता, तिच्यात क्लिक करणाऱ्यांचं प्रमाण १९ टक्क्यांवरून ४ वर आलंय. तरीही गेल्या महिन्यात अकाउंट्समधल्या एकाने खऱ्याखुऱ्या फसव्या मेलमधली लिंक उघडून पासवर्ड टाकला आणि दोन दिवस कोणाला काही सांगितलं नाही. आता वरिष्ठांना दर तिमाहीला ‘सुरक्षा संस्कृतीचा एक स्कोअर’ हवाय. तो काढायचा कसा आणि वाढवायचा कसा, असं तुम्ही विचारलंय.

मला विचाराल तर खरा प्रश्न स्कोअरचा नाहीच, त्या दोन दिवसांचा आहे. क्लिक ही क्षणाची चूक. पण नंतरचे दोन दिवस तो माणूस कामावर आला, तुमच्या टीमच्या दारावरून चार वेळा गेला-आला आणि काही बोलला नाही. तो का बोलला नाही हे कळलं, की तुमच्याकडे मोजण्यासारखं जे काही आहे त्यातलं निम्मं कळलं.

मी सोळा-सतरा वर्षं हेच काम करते आहे. आधी एका संस्थेत आतून, आता बाहेरून सल्लागार म्हणून. उत्तर जरा लांबणार आहे, कारण छोटं दिलं तर तुम्ही एक सर्व्हे कराल, त्याचा आलेख काढाल आणि तिथेच थांबाल. मीही पहिली तीन वर्षं तेच केलं.

आधी काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगते. तुमची सातशे माणसं आपापल्या लॅपटॉपवर बसणारी आहेत, की पाळ्यांमध्ये काम करणारी, आठ जणांत एक संगणक वापरणारी? दुसरा प्रकार असेल तर मेलच्या चाचणीचा आकडा त्यांच्याबद्दल काहीच सांगत नाही. कंत्राटी किती आहेत? कंत्राटी माणूस चूक कबूल करण्याआधी दहा वेळा विचार करतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. नावानिशी नोंद ठेवायला तुमच्याकडचा कायदा आणि एचआरचे नियम परवानगी देतात का, तेही आधी पाहा. आणि नुकतीच नोकरकपात झाली असेल तर सहा महिने कुठलाही सर्व्हे घेऊ नका. येणारी उत्तरं सुरक्षेबद्दलची नसतील, भीतीपोटी दिलेली असतील.

‘सुरक्षा संस्कृती’ हा शब्द आमच्या क्षेत्राने उसना घेतलाय. १९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या सल्लागार गटाने तो आपल्या अहवालात वापरला आणि तिथून तो विमान वाहतूक, रुग्णालयं असं करत आमच्यापर्यंत आला. (सेफ्टी आणि सिक्युरिटी, दोन्हीला मराठीत आपण सुरक्षाच म्हणतो. या बाबतीत ते बरंच आहे.) संस्कृतीबद्दल बोलताना मला संस्थांच्या संस्कृतीचे अभ्यासक एडगर शाइन यांची तीन थरांची मांडणी उपयोगी पडते. वरचा थर डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींचा, मधला तोंडाने सांगितल्या जाणाऱ्या मूल्यांचा, आणि सर्वांत खालचा कोणीही बोलून न दाखवता सगळ्यांनी धरून चाललेल्या गोष्टींचा. भिंतीवरचं पोस्टर पहिल्या थरात, धोरणाची पीडीएफ दुसऱ्यात. ‘साहेबांचा फोन आला की नियम बाजूला ठेवायचा असतो’ हे तिसऱ्यात. आपली बहुतेक मोजमापं वरच्या दोन थरांतच फिरत राहतात. ‘प्रशिक्षण ९८ टक्के पूर्ण’ याचा अर्थ ९८ टक्के लोकांनी शेवटच्या स्लाइडपर्यंत ‘पुढे’ हे बटण दाबलं, एवढाच.

आता तुमच्या ४ टक्क्यांकडे येऊ, कारण तुमचा सगळ्यात जास्त भरवसा त्याच्यावर दिसतोय.

क्लिकचं प्रमाण हे माणसांचं माप कमी आणि आमिषाचं माप जास्त असतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या आरोग्य विभागात सुमारे १९,५०० कर्मचाऱ्यांवर आठ महिने चाललेला एक अभ्यास २०२५ मध्ये मांडला गेला. त्यात वेगवेगळे खोटे मेल पाठवले होते. ‘मेलचा पासवर्ड अद्ययावत करा’ या आमिषाला दोन टक्क्यांहून कमी लोक फसले. ‘सुट्ट्यांच्या धोरणात बदल झालाय, पाहा’ या आमिषाला तीस टक्क्यांहून जास्त. तीच संस्था, तीच माणसं. मग त्यांची सुरक्षा संस्कृती किती म्हणायची, दोन की तीस? त्याच अभ्यासात, प्रशिक्षण मिळालेल्या आणि न मिळालेल्या लोकांच्या फसण्याच्या प्रमाणात जेमतेम १.७ टक्क्यांचा फरक दिसला. क्लिक केल्यावर जे शिकवणारं पान उघडतं, त्यावर तीन-चतुर्थांश लोकांनी एक मिनिट किंवा त्याहूनही कमी वेळ घालवला होता. मला त्याचं नवल वाटत नाही. मीही त्या पानावरून अशीच पळाले असते.

म्हणून पहिलं काम हे करा: गेल्या वर्षभरातले बाराही मेल समोर मांडा आणि ते किती अवघड होते ते पाहा. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०२० मध्ये यासाठी ‘फिश स्केल’ नावाची एक पद्धत दिली. दोनच गोष्टी बघायच्या. मेलमध्ये खोटेपणाच्या खुणा किती आहेत, आणि मेलचा विषय वाचणाऱ्याच्या रोजच्या कामाशी किती जुळतो. माझा अनुभव असा, की क्लिकचा आकडा खाली आणायचं दडपण आलं की चाचणी घेणाऱ्याचा हात नकळत सोप्या मेलकडे वळतो. मुद्दाम फसवायचं म्हणून कोणी करत नाही. पण क्लिकचा उतरता आलेख सगळ्यांना छान वाटतो, आणि मग परीक्षक पेपरच सोपा काढतो. तुमचे १९ टक्के कुठल्या मेलचे होते आणि ४ कुठल्या, हे मला तुमच्या प्रश्नात दिसलं नाही.

याउलट अवघड करायचं म्हणून क्रूर होणंही नको. डिसेंबर २०२० मध्ये गोडॅडी कंपनीने आपल्या लोकांना ६५० डॉलरच्या सणासुदीच्या बोनसचं आमिष दाखवणारा चाचणी मेल पाठवला. सुमारे पाचशे जण फसले, आणि शेवटी माफी कंपनीलाच मागावी लागली. हल्लेखोर असलं आमिष दाखवतात हे खरं. पण हल्लेखोराला दुसऱ्या दिवशी त्याच लोकांकडून मदत मागायची नसते. आपल्याला मागायची असते.

मग मोजायचं काय? मी सगळ्यात आधी बघते ती बातमी. काहीतरी बिनसलंय ही बातमी तुमच्या टीमपर्यंत पोचते का, किती वेळात पोचते, आणि चूक ज्याच्या हातून झाली तोच ती आणून देतो का.

तुमच्याच आकड्यांवर हिशेब मांडू. समजा सातशे जणांना चाचणीचा मेल गेला आणि ४ टक्के, म्हणजे २८ जणांनी क्लिक केलं. मी तीन गोष्टी लिहीन. पहिली, सातशेपैकी किती जणांनी मेल संशयास्पद म्हणून कळवला. दुसरी, सगळ्यात पहिली खबर किती मिनिटांनी आली. आणि तिसरी, माझी आवडती: त्या २८ पैकी किती जणांनी क्लिक केल्यावरही येऊन सांगितलं. व्हेरायझन या अमेरिकी दूरसंचार कंपनीच्या २०२४ च्या डेटा ब्रीच (माहितीचोरीच्या घटनांच्या) अहवालातल्या आकड्यांनुसार चाचण्यांमध्ये सुमारे २० टक्के लोक मेल कळवतात. आणि क्लिक केलेल्यांपैकी कळवणारे निघतात ११ टक्के. म्हणजे चूक झालेल्या दहातले जवळजवळ नऊ जण गप्प बसतात. तुमचा अकाउंट्सवाला जगावेगळा नाही. तो त्या नवांतला एक.

पहिल्या खबरेच्या वेळेला मी इतकं महत्त्व का देते तेही सांगते. त्याच अहवालानुसार मेल उघडल्यापासून लिंक दाबायला लागणारा मध्यक वेळ (निम्म्या लोकांना याहून कमी लागतो) २१ सेकंद, आणि त्यानंतर माहिती भरायला आणखी २८. एक मिनिटाच्या आत खेळ आटोपतो. इतक्या वेळात माणसाला थांबवणारं प्रशिक्षण मला तरी ठाऊक नाही. पण पहिली खबर पाचव्या मिनिटाला आली तर तुम्ही तो मेल बाकीच्या सहाशे जणांच्या इनबॉक्समधून काढून टाकू शकता, पासवर्ड बदलू शकता, चालू सेशन, म्हणजे त्या खात्यात झालेलं लॉगिन, तोडू शकता. दोन दिवसांनी आली तर पंचनामा. स्वित्झर्लंडच्या ईटीएच झुरिकच्या संशोधकांनी एका मोठ्या कंपनीत १४ हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांवर पंधरा महिने प्रयोग केला. तिथे हेच दिसलं, की कर्मचाऱ्यांनी कळवलेल्या मेलवरून नवा हल्ला लवकर ओळखता येतो आणि लोक महिनोन्महिने कळवत राहतात, कंटाळत नाहीत. क्लिकनंतर दाखवल्या जाणाऱ्या शिकवणीने मात्र लोक सावध झाले नाहीत. उलट काही जण पुढे जास्तच फसले.

इथे वरिष्ठांना आधीच एक गोष्ट सांगून ठेवा, नाहीतर तुम्हीच अडचणीत याल. कळवण्याचं प्रमाण सुधारलं की घटनांची संख्या वाढलेली दिसते. एमी एडमंडसन या संशोधिकेने रुग्णालयांच्या विभागांमध्ये औषध देण्यातल्या चुका मोजल्या होत्या. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेला तो अभ्यास आहे. ज्या विभागांत टीम चांगली, तिथे चुका कमी असतील अशी अपेक्षा होती. निघाल्या जास्त. कारण तिथल्या परिचारिका चुका लपवत नव्हत्या. पुढच्या तिमाहीत तुमच्याकडच्या नोंदी चाळीसवरून नव्वदवर गेल्या आणि कोणी भुवया उंचावल्या, तर हा दाखला हाताशी असू द्या. आणि तो दाखला नोंदी वाढायच्या आधीच सांगितलेला बरा. मागाहून सांगितला की सबब वाटते.

बातमीखेरीज आणखी काही गोष्टी मी पाहते. त्या लॉगमध्ये (यंत्रणेने आपोआप ठेवलेल्या नोंदींत) नाहीतर हेल्पडेस्कच्या तिकिटांमध्ये (आलेल्या तक्रारी-विनंत्यांच्या नोंदींत) आयत्या पडलेल्या असतात. पुरवठादाराचं बँक खातं बदलायची विनंती आली की जुन्या, आधीपासून नोंदलेल्या नंबरवर फोन करून खात्री केली होती का, आणि तशी नोंद दहातल्या किती वेळा सापडते? नियमातून सूट मागणारे अर्ज किती, कोणाचे, आणि ‘तात्पुरती’ म्हणून दिलेली सूट किती वर्षं चालू आहे? लोकांनी स्वतःहून विचारलेले ‘हे केलं तर चालेल का’ असे प्रश्न किती? हा शेवटचा आकडा कोणत्याच डॅशबोर्डवर नसतो. पण लोक तुम्हाला विचारायला येतात की तुम्हाला टाळून पुढे जातात, हे त्याच्याइतकं नेमकं दुसरं काही सांगत नाही.

सर्व्हेबद्दल थोडं. तयार प्रश्नावल्या आहेत. ऑस्ट्रेलियन संशोधकांची एचएआयएस-क्यू नावाची एक बरीच वापरली जाते; ती ज्ञान, दृष्टिकोन आणि वर्तन असे तीन भाग वेगळे धरते, आणि ते चांगलंच आहे, कारण पासवर्ड कोणाला देऊ नये हे माहीत असणारा माणूस रजेवर जाताना तो देतोच. पण तिच्यात ६३ विधानं आहेत. सातशे माणसांच्या संस्थेत पहिल्याच फेरीला तेवढं विचारलं तर लोक डोळे मिटून सगळीकडे ‘सहमत’ टिक करतील. मी सात-आठ प्रश्न विचारते, आणि ज्यांचं ‘बरोबर’ उत्तर वाचताक्षणी कळतं ते काढून टाकते. ‘माहितीची सुरक्षा ही माझीही जबाबदारी आहे असं मला वाटतं’ याला नाही कोण म्हणणार? त्याऐवजी: ‘तुमच्याकडून चुकून फसवी लिंक उघडली गेली, तर पहिल्यांदा कोणाला सांगाल?’ पर्यायांमध्ये शेजारचा सहकारी, वरिष्ठ, हेल्पडेस्क, सुरक्षा टीम आणि ‘आधी काही होतंय का ते बघेन’ हेही ठेवा. शेवटचा पर्याय निवडणारे किती निघतात ते पाहा. आणि एक मोकळा प्रश्न: ‘काम वेळेत उरकण्यासाठी गेल्या महिन्यात कुठला नियम बाजूला ठेवावा लागला?’ माझ्या कपाटातले सगळे आलेख एका बाजूला आणि या एका प्रश्नाची उत्तरं एका बाजूला ठेवली, तर मी दुसरी बाजू उचलेन.

सर्व्हे निनावी ठेवा आणि तो खरोखर निनावी असू द्या. दहापेक्षा कमी माणसांच्या गटाचा निकाल वेगळा दाखवूच नका. चार जणांच्या विभागात ‘एकाने असं लिहिलंय’ म्हटलं की तो एक कोण, हे पाच मिनिटांत कळतं. एकदा असं झालं की पुढची दोन वर्षं खरं उत्तर विसरा.

अडचण कुठे आहे ते आकडे दाखवतात, ती का आहे ते सांगत नाहीत. त्यासाठी माणसांशेजारी खुर्ची टाकून बसावं लागतं. सुरक्षा टीममधल्या बहुतेकांना हे काम नको असतं. वर बसून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं.

एका संस्थेत मी अकाउंट्समधल्या एका बाईंशेजारी सकाळभर बसले होते. महिनाअखेर होती. त्यांना बाहेरच्या लेखापरीक्षकांना एक मोठी फाइल पाठवायची होती, आणि त्यासाठी सुरक्षित पोर्टल वापरायचं असा नियम होता. तो नियम मीच लिहिलेला. त्यांनी पोर्टल उघडलं. फाइल चढायला लागली. मध्येच मंजुरीसाठी वरिष्ठांकडे विनंती गेली, ते मीटिंगमध्ये. दहा मिनिटांनी सेशन संपलं, पुन्हा लॉगिन, फाइल पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या खेपेला त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि शांतपणे फाइल स्वतःच्या खासगी मेलवर पाठवून तिथून पुढे ढकलली. मी काही बोलले नाही. त्याच म्हणाल्या, “मॅडम, आधी मी नियमानेच पाठवायचे. दोनदा महिनाअखेरीला फाइल अडकली. बोलणी मी खाल्ली, तुमच्या पोर्टलला कोणी काही बोललं नाही.”

तिथल्या सर्व्हेत त्या बाईंनी सगळ्या प्रश्नांना उत्तम उत्तरं दिली असणार. नियम त्यांना तोंडपाठ होता. आम्ही नंतर मंजुरीची पायरी ठराविक लेखापरीक्षकांपुरती काढून टाकली आणि सेशनची वेळ वाढवली, आणि खासगी मेलवर जाणाऱ्या फाइली त्या विभागातून जवळपास बंद झाल्या. एकही पोस्टर न लावता. हे काही माझं मोठं शहाणपण नव्हे. अ‍ॅन अ‍ॅडम्स आणि अँजेला सासे या संशोधकांनी १९९९ मध्येच पासवर्डबद्दल हे दाखवून दिलं होतं: लोक नियम मोडतात ते निष्काळजी असतात म्हणून कमी, आणि नियम करणाऱ्याला त्यांचं काम माहीत नसतं म्हणून जास्त. पुढे २००८ मध्ये सासे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याला बजेटची उपमा दिली. नियम पाळायला प्रत्येकाकडे ठराविकच सोसण्याची तयारी असते. ती संपली की पुढचा नियम कितीही महत्त्वाचा असो, मोडला जातो. म्हणून नवा नियम आणायच्या आधी मी विचारते, जुना कुठला काढताय?

काढायला एक तर तयारच आहे. दर ४५ किंवा ९० दिवसांनी पासवर्ड बदलायची सक्ती तुमच्याकडे अजून असेल, तर ती आधी बंद करा. एनआयएसटीने २०१७ मध्येच ठराविक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका असं सांगितलं, आणि २०२५ च्या आवृत्तीत तर तशी मनाईच केली. पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तेव्हा बदलायला लावायचा, एरवी नाही. सक्तीने लोक काय करतात ते तुम्हाला माहीतच आहे: तोच शब्द, शेवटी महिन्याचा आकडा. त्याजागी पासवर्ड मॅनेजर (पासवर्ड लक्षात ठेवणारं सॉफ्टवेअर) द्या, आणि अकाउंट्स, एचआर, अ‍ॅडमिन अशा लोकांना आधी हार्डवेअर की (लॉगिनसाठी जोडायचं छोटं उपकरण) किंवा पासकी (पासवर्डऐवजी फोन किंवा लॅपटॉपनेच ओळख पटवण्याची सोय) द्या. पासकी असेल तर खोट्या साइटवर टाकायला पासवर्डच उरत नाही, हार्डवेअर की असेल तर चोरलेला पासवर्ड एकटा पुरत नाही, म्हणजे तुमच्या अकाउंट्सवाल्यासारख्या चुकीने फारसं बिघडत नाही. हे संस्कृतीच्या प्रश्नाला तांत्रिक उत्तर झालं, असं कोणी म्हणेल. म्हणू द्या. माणसाच्या सावधपणावर जितकं कमी टाकाल, तितका तो उरलेल्या जागी जास्त पुरतो.

आता सुधारणेतला सगळ्यात जड भाग: शिक्षा आणि वरिष्ठ.

तुम्ही लिहिलंय की तीनदा क्लिक करणाऱ्यांची यादी विभागप्रमुखांकडे जाते. माझा अंदाज आहे की तुमचे दोन दिवस त्या यादीतच दडलेत. यादीत नाव असलेला माणूस चौथ्यांदा क्लिक झाल्यावर काय करेल? लॅपटॉप बंद करेल, चालू करेल, आणि काही झालं नाही अशी प्रार्थना करेल. जो येऊन सांगतो तो सापडतो, जो लपवतो तो सुटतो, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. शिवाय त्या यादीत कोण असतं पाहा: अनोळखी माणसांचे बायोडेटा उघडणारे एचआरवाले, अनोळखी बिलं उघडणारे अकाउंट्सवाले. अटॅचमेंट उघडणं हेच त्यांचं काम. त्यांना दुसऱ्या विभागांच्या मापाने मोजणं अन्यायाचं आहे.

विमान वाहतुकीत हा पेच लोकांनी फार आधी सोडवला. अमेरिकेत १९७६ पासून नासा एक योजना चालवते, ज्यात वैमानिक आणि नियंत्रक स्वतःच्या चुका गोपनीयपणे कळवतात. चूक हेतुपुरस्सर नसेल आणि मुदतीत कळवली असेल, तर विमान वाहतूक नियामक सहसा दंड करत नाही. नासाकडे ती दिली यामागेही विचार होता. दंड करण्याचा अधिकार ज्याच्या हातात आहे, त्याच्या हाती कबुलीजबाब नको. तुमच्याकडे याची साधी आवृत्ती करता येईल: ‘चुकून झालं आणि त्याच दिवशी सांगितलं, तर कुठल्याही मूल्यमापनात त्याची नोंद होणार नाही,’ असं एका वाक्यात लिहून सर्वोच्च अधिकाऱ्यांच्या सहीने काढा. मुद्दाम डेटा बाहेर नेणारा किंवा जाणूनबुजून यंत्रणा बंद करणारा यात येत नाही, हेही त्यात लिहा. नाहीतर एचआर सही करू देणार नाही, आणि त्यांचंही बरोबर असेल.

वरिष्ठांचं म्हणाल, तर तिथे एक प्रसंग शंभर भाषणांना भारी पडतो. एका ठिकाणी संचालकांपैकी एकाने प्रवासातून हेल्पडेस्कला फोन केला: नवा फोन घेतलाय, एमएफए (पासवर्डखेरीज ओळख पटवायची दुसरी पायरी) रीसेट करून द्या, आत्ता. पलीकडचा मुलगा नोकरीत नवा होता. तो म्हणाला, “सर, तुमच्या नोंदलेल्या नंबरवर मी पाच मिनिटांत परत फोन करतो.” संचालक भडकले, तक्रार गेली. सगळा हेल्पडेस्क श्वास रोखून बसला होता, की आता या पोराचं काय होणार. दुसऱ्या दिवशी मुख्य कार्यकारी अधिकारी स्वतः हेल्पडेस्कच्या खोलीत आले, त्या मुलाशी हात मिळवला आणि म्हणाले, मी फोन केला तरी असंच करायचं. त्यानंतर त्या संस्थेत ओळख पटवण्याच्या नियमावर मला एकही प्रशिक्षण घ्यावं लागलं नाही. उलटाही प्रकार मी पाहिलाय. तिथे मुलाला समज दिली गेली, आणि महिन्याभरात हेल्पडेस्क कोणालाही काहीही रीसेट करून देत होता. तुमच्या वरिष्ठांना स्कोअर हवाय ना? त्यांच्या स्वतःच्या खात्यांना किती नियमांतून सूट आहे, ती संख्या त्या अहवालात पहिल्या पानावर टाका. हिंमत लागते, मान्य.

विभागवार ‘सुरक्षा मित्र’ नेमणं, पोस्टर, प्रश्नमंजूषा, बक्षिसं हे सगळं चालतं, नुकसान नाही. फक्त मित्र नेमलेत तर त्यांच्या कामाच्या वेळेतून आठवड्याला दोनेक तास लेखी सोडवून घ्या, नाहीतर तिसऱ्या महिन्यात ते गायब होतात.

त्यापेक्षा एक गोष्ट फुकट आहे आणि तिचा परिणाम मी दर ठिकाणी पाहिलाय: कळवणाऱ्याला माणसाने उत्तर द्या, त्याच दिवशी. ‘आपली नोंद घेतली आहे, तिकीट क्रमांक अमुक’ हे उत्तर नव्हे. ‘तुम्ही पाठवलेला मेल खरंच फसवा होता, आणखी अकरा जणांना आला होता, सगळ्यांकडून काढून टाकला. बरं झालं सांगितलंत,’ हे उत्तर. मेल निर्दोष निघाला तरी तितक्याच गोडीने: ‘हा खरा होता, पण शंका रास्त होती.’ दोन वेळा निरोप पाठवून काहीच परत आलं नाही, तर तिसऱ्या वेळी मीसुद्धा कळवणार नाही. तुमच्या टीमला उत्तर द्यायला सरासरी किती वेळ लागतो, हे मोजमाप तुमच्या अहवालात असू द्या. संस्कृती फक्त कर्मचाऱ्यांची मोजायची आणि आपली नाही, हे बरं दिसत नाही.

राहता राहिला तो एकच स्कोअर. तो देऊ नका. सगळं मिसळून ‘७२’ असं काही दिलंत, की पुढच्या तिमाहीची चर्चा ते ७५ कसे करायचे एवढ्यावर येईल आणि तुम्ही परत सोपे मेल पाठवायला लागाल. एक पान द्या. त्यावर चार आकडे: पहिली खबर किती मिनिटांनी, क्लिक केलेल्यांपैकी किती जणांनी सांगितलं, खातंबदलाच्या किती विनंत्यांची फोनवर खात्री झाली, आणि आपल्या टीमने उत्तर द्यायला किती वेळ घेतला. खाली माणसांशेजारी बसून कळलेला एखादा अडथळा आणि तो कोणी, कधीपर्यंत दूर करायचा. ‘एकच आकडा हवा’ असा अगदी हट्टच धरला, तर या चारांतला दुसरा, क्लिक केलेल्यांपैकी किती जणांनी सांगितलं तो, द्या. पहिले दोन-तीन महिने तो वाईट दिसेल. दिसू दे.

आणि या सगळ्याच्या आधी त्या अकाउंट्सवाल्याकडे जा. चौकशी म्हणून नाही, आणि तुमच्या केबिनमध्ये बोलावून तर नाहीच. त्याच्या जागेवर जा. त्या दोन दिवसांत कोणाला सांगावंसं वाटलं होतं का, कोणाकडे जायला निघून परत फिरलात का, आणि कशामुळे, एवढंच विचारा. तो काय म्हणतो ते लिहून घ्या, पण वहीत त्याचं नाव लिहू नका.